दोन दारांचे स्वयंपाकघर

शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवावा असे पत्र हाती आले, तेव्हा इतिहासाचा शिक्षक या नात्याने महाडच्या सत्याग्रहावर किंवा कान्हेरीच्या लेण्यांवर लिहावे असे प्रथम मनात आले. असे लेख मी पूर्वी लिहिले आहेत आणि ते लिहिणे मला अवघड जात नाही. या वेळी मात्र मी माझ्या घरातील स्वयंपाकघराविषयी लिहिणार आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु ते स्वयंपाकघर बांधताना मला माझीच झडती घ्यावी लागली आणि त्या झडतीत आपले वसतिगृह साक्षीदार म्हणून उभे राहिले. म्हणून हा मजकूर याच स्मरणिकेत यावा असे वाटते.

घाटकोपर पूर्वेला पंतनगरात आमचे कुटुंब राहते. वडिलांची वसाहतीतील जुनी खोली आणि धाकट्या भावाने पुढे कर्ज काढून घेतलेली शेजारची दुसरी, अशा दोन खोल्यांत आम्ही अकरा माणसे राहत होतो : आई, आम्ही पतिपत्नी, मुलगा, सून, नातू, मुलगी, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची दोन मुले. स्वयंपाक वडिलांच्या खोलीतील पाच फुटी ओट्यावर होई. पुढे इमारतीचा पुनर्विकास झाला आणि एकाच मजल्यावर लगतच्या दोन सदनिका आमच्या वाट्याला आल्या. प्रत्येकीत सात फूट बाय आठ फुटांचे स्वतंत्र स्वयंपाकघर होते. दोन्ही स्वयंपाकघरे पाठीला पाठ लावून, मधे फक्त एक भिंत.

घराची वाटणी झाली असे आपल्याकडे कोणी थेट म्हणत नाही. चुली वेगळ्या झाल्या असे म्हणतात. किल्ल्या मिळाल्या त्या रात्री मी मोठ्या भावाच्या अधिकाराने जाहीर केले की चूल एकच राहील. मधली भिंत काढून एक मोठे स्वयंपाकघर करू. भावाला आनंद झाला. आईच्या डोळ्यांत पाणी आले. पत्नी आणि भावजय मात्र काही बोलल्या नाहीत. जेवणे आटोपल्यावर ताटे उचलता उचलता भावजय म्हणाली, “दादा, एकत्र कुटुंब तुम्हां सगळ्यांचं आहे. एकत्र स्वयंपाक मात्र आमच्या दोघींचा आहे. चुली दोन झाल्या तर मला चार माणसांचं रांधावं लागेल. एक राहिली तर अकरांचं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. ती हिशेब सांगत होती. मी पत्नीकडे पाहिले. ती म्हणाली, “ती बोलली, मी इतकी वर्षं बोलले नाही, एवढाच फरक.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. १९४२च्या जुलैमध्ये नागपूरला भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की, पत्नीने पतीची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, त्याची दासी होण्याचे नाकारावे. हा प्रसंग मी दर वर्षी वर्गात सांगतो. २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनावर भाषण करतो. भाषण संपवून घरी येतो, हातपाय धुतो आणि ताटावर बसतो. ते ताट कोणी वाढले, सकाळी पंचेचाळीस चपात्या आणि रात्री वीस-पंचवीस भाकऱ्या कोणी केल्या, उष्टी भांडी किती वाजेपर्यंत घासली गेली, हा प्रश्न मला तीस वर्षांत पडला नव्हता. धारवाडच्या वसतिगृहातील मुलांचे धान्य संपले तेव्हा माता रमाईंनी आपल्या बांगड्या काढून दिल्या, ही कथा सांगताना माझा कंठ दाटतो. त्यागाची गोष्ट सांगून डोळे पुसणारा मी घरच्या दोन स्त्रियांच्या कंबरदुखीविषयी कधी विचारीत नव्हतो.

आणि मला स्वयंपाक येत नव्हता असे नाही. इथेच आपले वसतिगृह आठवते.

आपल्यापैकी माझ्या वयाच्या मुलांना ते स्वयंपाकघर स्मरत असेल. पत्र्याचे छप्पर, दोन मोठी चुलाणे, आमटीचे पातेले उतरवायला दोघे जण लागत. दारापाशी फळा असे आणि त्यावर पाळ्या लिहिलेल्या असत : पाणी, भाजी, भाकरी, वाढप, भांडी. पाळी कोणालाही चुकत नसे. स्वयंपाक करणाऱ्या मावशी आम्हांला पीठ मळायला शिकवीत आणि भाकरी फाटली तर ती फाटलेलीच आमच्या ताटात वाढीत. इयत्ता आठवीत मी तव्यावर फुगलेली भाकरी पहिल्यांदा केली, तेव्हा परीक्षेत पहिला आल्यासारखा आनंद झाला होता. गुरुजी आमच्याच पंगतीत बसत आणि जेवण झाल्यावर आपले ताट आपण घासत. त्याचा अर्थ आम्हांला तेव्हा कोणी समजावून सांगितला नाही. समजावण्याची गरजही नव्हती.

महाराष्ट्रात वसतिगृहाचे स्वयंपाकघर ही केवळ पोट भरण्याची जागा कधीच नव्हती. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात निघालेली वसतिगृहे, बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात काढलेले वसतिगृह, कर्मवीर भाऊराव पाटलांचे साताऱ्याचे शाहू बोर्डिंग, या सगळ्या ठिकाणी मुले पुस्तकांपूर्वी अन्नाच्या निमित्ताने एकत्र आली. साताऱ्यात निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत होती, आणि त्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ज्या समाजात कोणाच्या हातचे पाणी चालते यावरून माणसाची किंमत ठरत होती, तिथे एका चुलीवर सर्वांनी रांधणे हाच मोठा धडा होता. तो धडा मी सहा वर्षे गिरवला. लग्न झाले आणि चार दिवसांत विसरलो. नोकरीला लागलेल्या मुलाने चुलीपाशी जाऊ नये, असे आईला वाटे. आणि मला ते सोयीचे होते.

दुसऱ्या दिवशी मी पत्नीला आणि भावजयीला विचारले, “चूल एक ठेवायची असेल तर काय करावे लागेल?” दोघींनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली : पाळ्या लागतील, आणि त्यांत पुरुष असतील. दुसरी : स्वयंपाकघराचा आराखडा त्या ठरवतील. मी दोन्ही मान्य केल्या. त्यानंतरचे चार महिने मी केवळ कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी धरणारा मदतनीस होतो.

मधली भिंत विटांची होती, इमारतीचा भार पेलणारी नव्हती, हे अभियंत्याकडून तपासून घेतले. खांब आणि तुळया यांना हात लावला नाही. गृहनिर्माण संस्थेची संमती आणि महापालिकेची परवानगी मिळवण्यात बरेच दिवस गेले, पण ते टाळले नाही. मोऱ्या आणि सांडपाण्याच्या नळ्या होत्या तिथेच ठेवल्या. आपले सांडपाणी खालच्या बिऱ्हाडाच्या झोपण्याच्या खोलीवरून जाऊ नये हा विचार त्यामागे होता. भिंत निघाली आणि चौदा फूट लांब, आठ फूट रुंद अशी एक खोली तयार झाली. बाहेरच्या लांब भिंतीला दोन खिडक्या आणि आतल्या लांब भिंतीला, दोन टोकांना, दोन दारे. एक दार आमच्या घरात उघडे, दुसरे भावाच्या.

ओटा घालण्यासाठी मिस्त्री आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, “बाईंची उंची किती?” भावजय चटकन म्हणाली, “साहेबांचीही मापं घ्या. भांडी ते घासणार आहेत.” मिस्त्री हसला. त्याला ती थट्टा वाटली. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो तेव्हा तो गंभीर झाला.

त्या मोजमापातून मला जे कळले ते इथे मुद्दाम लिहितो, कारण आपल्यापैकी अनेकांची घरे पुनर्विकासात बांधली जात आहेत. सरसकट चौतीस इंच उंचीचा ओटा घालण्याची पद्धत आहे. परंतु सगळी कामे एका उंचीवर होत नाहीत. माणूस ताठ उभा राहून कोपर काटकोनात वाकवतो, तेव्हा कोपराची जमिनीपासून जी उंची असते ती पायाभूत धरावी. भाजी चिरण्याचा ओटा तिच्याखाली सुमारे चार इंच असावा. पीठ मळताना आणि भाकरी थापताना अंगाचा जोर खाली द्यावा लागतो, म्हणून ती जागा सात-आठ इंच खाली हवी. शेगडीवर पातेल्याची उंची वाढते, म्हणून मोठ्या कुटुंबात शेगडीचा ओटा थोडा खालीच बरा. नाही तर दहा लिटरच्या कुकरमध्ये डोकावण्यासाठी टाचा उंच कराव्या लागतात. याउलट भांडी घासण्याचे सिंक खोल असते, हात त्याच्या तळाशी जातो, म्हणून त्याची कड उंच हवी. आमच्या जुन्या घरात सगळे एकाच उंचीवर होते, आणि पत्नीची कंबर वीस वर्षे सिंकपाशी वाकत होती. औषधे आम्ही आणली. ओटा कोणी मोजला नाही.

पत्नीची उंची पाच फूट एक इंच, माझी पाच फूट सात. शेवटी चिरण्याचा ओटा चौतीस इंचांवर, शेगडी बत्तीस इंचांवर, भाकरीची जागा तीस इंचांवर आणि भांड्यांचे सिंक छत्तीस इंचांवर ठरले. भांड्यांचे सिंक पुरुषांच्या मापाने बांधले आहे. स्त्रियांपैकी कोणाला तिथे उभे राहावे लागले तर पायाखाली घ्यायला एक लाकडी पाट ठेवला आहे. त्या चार इंचांत आमच्या घरातील कराराची लेखी प्रत आहे असे मी समजतो.

या निमित्ताने जुन्या वाचनातील एक गोष्ट आठवली. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात कामगारांसाठी हजारो घरे बांधली जात असताना, १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या तरुण वास्तुविशारद स्त्रीने त्यांच्यासाठी एक स्वयंपाकघर आखले. रेल्वेच्या भोजनडब्यातील आटोपशीर स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांसमोर होते. सुमारे दोन मीटर रुंद आणि साडेतीन मीटर लांब अशा जागेत तिने प्रत्येक हालचाल मोजून मांडणी केली. स्त्रीची पायपीट वाचावी आणि तिला स्वतःसाठी वेळ मिळावा हा तिचा हेतू होता. आज जगभर जे आधुनिक स्वयंपाकघर दिसते त्याचे मूळ तिथे आहे. पुढे हिटलरविरोधी चळवळीत तिने तुरुंगवासही भोगला. तिच्याविषयी मला आदर आहे. परंतु त्या स्वयंपाकघरात एकाच व्यक्तीला उभे राहता येई, आणि ती व्यक्ती गृहिणीच असेल असे गृहीत धरलेले होते. स्त्रीचे श्रम कमी झाले, पण ती एकटीच राहिली. आपल्याकडील नव्या सदनिकांतील स्वयंपाकघरे त्याच वळणाची आहेत. सात बाय आठच्या जागेत दुसरा माणूस मदतीला गेला तर अडचणच होते, आणि “तुम्ही बाहेर बसा” हे वाक्य तिथूनच जन्माला येते.

मोठ्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरात म्हणून पहिला विचार मोकळ्या वाटेचा करावा लागतो. आम्ही दोन्ही लांब भिंतींना दोन-दोन फूट रुंदीचे ओटे घातले आणि मधे चार फुटांची वाट सोडली. दोघे पाठीला पाठ करून काम करीत असताना तिसऱ्याला उकळते पातेले घेऊन जाता येते. खिडक्यांच्या बाजूच्या ओट्यावर मधोमध चार तोंडांची शेगडी आहे. खिडकीखाली शेगडी ठेवली तर वाऱ्याने ज्योत हलते, म्हणून ती दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीशी आहे. तिच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट ओटा रिकामा ठेवायचा असा नियम आहे, कारण गरम भांडे उतरवायला जागा नसेल तर अपघात ठरलेला. प्रत्येक खिडकीखाली एक सिंक आहे. एकात तांदूळ, डाळ, भाजी धुतली जाते, दुसऱ्यात उष्टी भांडी. दोन्ही कामे एका मोरीत आली की माणसे एकमेकांवर चिडतात. आमच्या जुन्या घरातील निम्मी भांडणे त्या एका नळापाशी झाली होती.

समोरचा, दोन दारांमधला ओटा नऊ फुटांचा आणि कमी उंचीचा आहे. त्याच्या एका टोकाला तीन फूट जागा खालून मोकळी सोडली आहे. तिथे आईची खुर्ची असते. आई ऐंशी ओलांडून गेली आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी तिची उमर ओल्या लाकडांच्या धुरात गेली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही तिला धुराची धास्ती वाटते. तिला कामातून पूर्ण मोकळे करावे असा माझा विचार होता. ती म्हणाली, “मला बाहेरच्या खोलीत बसवलंस तर मी पाहुणी होईन.” आता ती तिथे बसून लसूण सोलते, तांदूळ निवडते, आणि कोणाच्या हाताने मीठ जास्त पडते आहे हे चष्म्यावरून पाहते. ओट्याखालच्या बाकीच्या भागात पंचवीस किलोचे तांदळाचे आणि पिठाचे डबे चाकांच्या फळ्यांवर आहेत. मोठी पातेली खालच्या खोल खणांत आहेत. रोज लागणारी कोणतीही वस्तू पत्नीच्या डोळ्यांच्या वर ठेवलेली नाही. दारे लावलेली कपाटे कमी आणि कडाप्प्याच्या उघड्या फळ्या जास्त, असे केले. त्यामुळे खर्च वाचला, आणि ‘हळद कुठे आहे’ हे विचारण्याची सबब पुरुषांना राहिली नाही.

हे सगळे कागदावर उतरत असताना आमच्या शाळेची सहल बोरिवलीला कान्हेरीला गेली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील या शंभराहून अधिक लेण्यांत मी अनेकदा विद्यार्थ्यांना नेले आहे. अकराव्या क्रमांकाचे, ‘दरबार’ म्हणून ओळखले जाणारे लेणे त्यांना दाखवताना मी या वेळी थबकलो. आत दगडातच कोरलेली दोन लांब, बुटकी बाके समांतर आहेत आणि मधे चालण्याची वाट. अशीच रचना वेरुळच्या पाचव्या लेण्यात आहे. भिक्षुसंघ तिथे पठणाला किंवा भोजनाला बसत असावा, असे अभ्यासक मानतात. संघात आलेल्याची जात विचारली जात नव्हती; नदी समुद्राला मिळाल्यावर तिचे नाव उरत नाही, तसे ते होते. आणि वेरुळच्या त्या लेण्याला लोकांनी नाव दिले ‘महारवाडा’. ज्यांना पुढच्या शतकांत पंगतीतून उठवले गेले, त्यांचे नाव त्या समान बैठकीच्या जागेला चिकटून राहिले. विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगितले, की बसण्याची जागा कशी कोरली आहे यावरूनही त्या लोकांचा विचार वाचता येतो. सांगताना मला आमच्या घरचे दोन ओटे आणि मधली वाट दिसत होती.

कान्हेरीत आणखी एक गोष्ट लक्ष वेधून घेते, ती म्हणजे पाणी. विहाराविहारापाशी खडकात कोरलेली टाकी, आणि डोंगरावरचे पावसाचे पाणी त्यांत आणणाऱ्या पन्हळी. तिथल्या शिलालेखांत ‘पोढी’ म्हणजे पाण्याचे टाके दान दिल्याचे उल्लेख वारंवार येतात. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात तर भिक्षूंच्या उष्णस्नानगृहात धूर कोंडतो म्हणून धूर बाहेर जाण्याची नळी ठेवण्यास भगवंतांनी अनुमती दिल्याचे सांगितले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी डोळ्यांना झोंबणाऱ्या धुराचा विचार करणारा धम्म आपला आहे. मग स्वयंपाकघरातील धूर, पाणी आणि पाठीचा कणा हे विषय आपण हलके का मानावेत?

पाण्याचा माठ कुठे ठेवावा यावर घरात बरीच चर्चा झाली. सोय पाहता तो आत, सिंकजवळ असायला हवा होता. मी एकाच बाबतीत आग्रह धरला : माठ दारापाशी, लहान मुलाचाही हात पोहोचेल अशा उंचीवर असावा. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्यावरील हक्काचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल उजाडले. आणि माझ्या आईने तिच्या लहानपणी, गावात, दुसऱ्याने वरून ओतलेले पाणी खाली बसून ओंजळीने प्यायले आहे. म्हणून आमच्या घरी पाणी मागावे लागू नये. जो येईल त्याने स्वतःच्या हाताने घ्यावे. घरकामाला येणाऱ्या ताई, गॅसची जोडणी तपासायला येणारा माणूस, कचरा न्यायला येणारा मुलगा, सगळ्यांसाठी तेच पेले. कामवाल्या बाईचा कप वेगळा ठेवण्याची रीत उपनगरांतील घरांत आजही आहे आणि ती आपल्या काही घरांतही शिरू लागली आहे, हे मी दुःखाने नोंदवतो.

खिडक्यांविषयीही सांगितले पाहिजे. पुनर्विकासाच्या काळात आम्ही तीन वर्षे याच उपनगरात भाड्याने राहिलो. घर देताना काय खाता, हे प्रथम विचारले गेले होते. त्या घरात पत्नी सुकट किंवा बोंबील भाजायचे झाले की खिडक्या लावून घेई आणि दाराच्या फटीला ओले फडके लावी. धुराने मुलांचे डोळे चुरचुरत. कोणी तक्रार केली होती असे नाही. तक्रार येईल या भीतीनेच ती खिडकी बंद होई. स्वतःच्या घरात, स्वतःचे अन्न शिजवताना अपराध्यासारखे वागण्याची सवय आम्हांला तीन वर्षांत लागली. नव्या स्वयंपाकघरात शेगडीवर चिमणी बसवली आहे आणि तिची नळी सरळ बाहेर काढली आहे. शेजाऱ्यांना धुराचा त्रास होऊ नये हे आमचे कर्तव्यच. पण पहिल्या रविवारी आईने सुकट भाजायला सांगितली, तेव्हा पत्नीचा हात सवयीने खिडकीकडे गेला. आई म्हणाली, “असू दे उघडी.” ती उघडी राहिली.

पाळ्यांचा फळा मी स्वतः आणला आणि दोन दारांच्या मधे टांगला. सकाळचा चहा आणि डबे मुलगा व सून मिळून करतात. रात्रीची भांडी भाऊ आणि त्याचा मुलगा घासतो. संध्याकाळची भाकरी आठवड्यातून चार दिवस माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी मी परातीपुढे उभा राहिलो तेव्हा घरातील सगळे पाहायला जमले. पहिल्या दोन भाकऱ्या फाटल्या. पत्नीने काही न बोलता त्या माझ्याच ताटात वाढल्या. मला मावशी आठवल्या. तिसरी भाकरी तव्यावर फुगली.

सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. भाऊ अधूनमधून पाळी चुकवतो आणि कामावरून उशीर झाल्याचे सांगतो. १४ एप्रिलला घरी पंचवीस माणसे जेवायला होती, तेव्हा पाहुण्यांशी बोलत बसलेले आम्ही सगळे पुरुष होतो आणि ओट्यापाशी पुन्हा त्याच दोघी होत्या. भावजयीने दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्या तारखेपुढे फुली मारून ठेवली. ती फुली अजून पुसलेली नाही. दोन दारे आहेत हेही तिला ठाऊक आहे. उद्या पाळ्या मोडल्या तर मधे पुन्हा भिंत घालायला दोन दिवस पुरतील, असे ती हसत म्हणते. आणि ते केवळ हसण्यावारी नेण्यासारखे नाही, हे आम्ही जाणतो. चूल एक राहिली ती कोणाच्या अधिकाराने नव्हे. ती रोज नव्याने ठरते.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज मोठ्या जागांवर आहेत, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. त्यांच्यापैकी प्रत्येकाने या वसतिगृहात कधी ना कधी भाकरी थापली आहे, ताट घासले आहे. मला त्यांना एकच विचारायचे आहे : ती पाळी कुठे सुटली? शाळेच्या व्यवस्थापनालाही एक विनंती आहे. कालमानाने स्वयंपाकघर बदलेल, यंत्रे येतील, आणि यावीत. पण नवा ओटा घालताना तिथे काम करणाऱ्या मावशींची उंची मोजून घ्यावी, धूर जाण्याची वाट आधी आखावी, आणि मुलांच्या पाळ्यांचा फळा काढू नये. मुलगे आणि मुली, दोघांची नावे त्यावर असावीत. मी इतिहासात पदव्युत्तर पदवी घेतली, पण समतेचा जो धडा मला पन्नाशीनंतर पुन्हा उघडावा लागला, तो त्या फळ्यावर खडूने लिहिलेला होता.

आज मंगळवार. भाकरीची पाळी माझी आहे. पीठ चाळून ठेवले आहे, तेव्हा इथेच थांबतो.

जय भीम.